माहेरची बाळंतीण आणि संगणकाची वही

बऱ्हाणपूर शहराच्या इतिहासात एका बाळंतिणीचा मृत्यू फार मोठ्या अक्षरांत लिहिला गेला आहे. इ. स. १६३१ च्या जून महिन्यात शहाजहान बादशहाचा मुक्काम तापीकाठच्या ह्या शहरात असताना बेगम मुमताजमहल आपल्या चौदाव्या अपत्याला जन्म देऊन मरण पावली. तिचे वय ३८ वर्षांचे होते. चौदा अपत्यांपैकी सातच तिच्यामागे राहिली. तिचा देह प्रथम नदीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्यास नेण्यात आला. पुढचे सारे जगाला ठाऊक आहे.

हे आपल्याला इतक्या तपशिलाने कळते ते बादशहाच्या पदरी इतिहास लिहिणारे लोक होते म्हणून. त्या सुमारास दख्खन व गुजरात भीषण दुष्काळाने होरपळत होते. त्याच महिन्यात, त्याच शहरात, एखाद्या विणकराची किंवा तापीवरच्या नावाड्याची बायको बाळंतपणात गेली असेल, तर तिची एक ओळही कोठे उरलेली नाही. हा भेद गरीब-श्रीमंतीचा झाला. पण बादशाही नोंदीतही एक मोठी उणीव होती, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती नोंद मृत्यूनंतरची होती. आजची एखादी साधी नर्सबाई तेरा बाळंतपणांचा आकडा पाहताच त्या नावापुढे तांबडी खूण करील आणि बाईला वेळेवर मोठ्या रुग्णालयात हलवा, असे घरच्यांना बजावील. बादशहाजवळ हकीम होते, दाया होत्या, धन तर अपार होते; पण धोका आधी ओळखणारी नोंदीची विद्या त्या काळी जगात कोणापाशीच नव्हती.

आरोग्याच्या क्षेत्रात संगणक आला, मोबाईल आला, ह्याची चर्चा हल्ली पुष्कळ होते. ती बहुधा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांभोवती फिरते. परंतु ह्या नव्या साधनाची खरी परीक्षा पाहावयाची असेल, तर ती बऱ्हाणपूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात पाहावी. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून वेगळा झालेला हा जिल्हा तसा लहान. २०११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या थोडी वर भरली. शहरात यंत्रमागांची खडखड, सभोवार केळीच्या बागा, आणि उत्तरेस व पूर्वेस सातपुड्याच्या रांगांत बारेला, भिलाला, कोरकू ह्यांच्या वस्त्या. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. मग राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले, बऱ्हाणपूर इकडे राहिले. नकाशावर रेघ पडली, तरी सोयरिकी काही तुटल्या नाहीत. रावेर, यावल, मुक्ताईनगर, भुसावळ ह्या बाजूशी इकडच्या कुटुंबांचा रोटीबेटीचा व्यवहार पूर्वीइतकाच चालू आहे. खंडवा-भुसावळ लोहमार्गावरच्या गाड्यांत लग्नसराईच्या दिवसांत पाहावे. अर्धी गाडी वऱ्हाडाची असते.

आणि येथेच आरोग्याच्या नोंदीचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. ही रीत सरकारी खात्याने घालून दिलेली नाही आणि कोणत्याही परिपत्रकाने ती थांबणारही नाही. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी आईकडे जाते. म्हणजे तिची पहिली तपासणी सासरच्या उपकेंद्रात, मध्य प्रदेशात. आणि प्रसूती माहेरच्या रुग्णालयात, महाराष्ट्रात. उलटही तितकेच घडते. जिने तिला सहा महिने तपासले, तिला प्रसूतीची वार्ता नाही. जो डॉक्टर प्रसूती करतो, त्याला सहा महिन्यांचा इतिहास ठाऊक नाही. दोघांमधला दुवा काय, तर एक घडी पडलेले माता-बाल कार्ड. तेही घाईत सासरी फडताळात राहून गेले नाही तर.

हा केवळ कागदी घोळ नव्हे. मातामृत्यूचे जे सरकारी नमुना सर्वेक्षण होते, त्याच्या २०१८ ते २०२० च्या अहवालात एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. सबंध भारताचा आकडा ९७ होता. एका रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे पाचपटीचे अंतर! अर्थात राज्याची सरासरी ही फसवी वस्तू असते. महाराष्ट्राच्या ३३ मध्ये पुणे-मुंबई आहे तसे मेळघाटही आहे, आणि बऱ्हाणपूरला लागून आहे ते मेळघाट. तेव्हा सीमा ओलांडली की बाई सुरक्षित झाली, असे मानण्याचे कारण नाही. बाळंतिणी मरतात त्या बहुतेक ठिकाणी त्याच कारणांनी: प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, आणि ह्या सर्वांना आधीच पोखरून ठेवणारी रक्तक्षीणता. गरोदरपणात रक्तातील हिमोग्लोबिन ११ च्या खाली आले की रक्तक्षीणता धरतात. ते ७ च्याही खाली गेले तर ती गंभीर होय. अशा बाईचे थोडे रक्त गेले तरी ती वाचणे कठीण. आणि रक्तस्राव एकदा सुरू झाला की उरलेला वेळ तासांत मोजावा लागतो. त्या तासांत कोणी जुने कागद शोधीत बसत नाही.

आता नोंदवहीकडे वळू. उपकेंद्रातील नर्सबाईची नोंदवही ज्याने पाहिली असेल, त्याला तिची एक खोड ठाऊक असते. ती वही ज्या क्रमाने बायका आल्या, त्या क्रमाने भरलेली असते. आधी आलेली आधी, मागून आलेली मागून. पण नर्सबाईला उत्तर हवे असते निराळ्याच प्रश्नांचे. पुढच्या पंधरवड्यात कोणाचे दिवस भरतात? कोणाची दुसरी तपासणी राहिली? मागच्या खेपेला कोणाचे पोट फाडून मूल काढावे लागले होते? ह्यांपैकी एकेका उत्तरासाठी वहीची सारी पाने चाळावी लागतात, आणि दोनशे पाने चाळताना एक नाव सुटतेच. संगणक शहाणा नसतो. पण तीच वही हव्या त्या बाजूने उलगडून दाखविणे, हे एक काम तो क्षणात करतो. दिवस भरण्याच्या तारखेने लाव म्हटले, तसे लावतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या बायका वेगळ्या काढ म्हटले, तशा काढतो. सबंध यंत्रविद्येतील एवढी एकच गोष्ट उपकेंद्रापर्यंत धडपणे पोहोचली, तरी ती वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

ती पोहोचविण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००८ साली केंद्र सरकारने आरोग्याची माहिती संगणकावर गोळा करण्याची योजना सुरू केली. पण तिच्यात आकडे होते, माणसे नव्हती. अमुक उपकेंद्रात अमुक गरोदर स्त्रिया, एवढेच ती सांगे. २००९ च्या अखेरीस माता व बालकांची नावानिशी नोंद ठेवणारी योजना आली, आणि २०१६ साली नर्सबाईच्या हाती ‘अनमोल’ नावाची, मोबाईलच्या पडद्यावरची नोंदवही देण्यात आली. डोंगरात संदेशलहरी पोहोचत नाहीत हे ध्यानी घेऊन ती अशी केली आहे की नोंद तेथल्या तेथे भरावी आणि लहरी मिळाल्या की ती पुढे जावी. मोजणी आणि पाठपुरावा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजणी वरच्या कचेरीच्या उपयोगाची. पाठपुरावा त्या बाईच्या उपयोगाचा. दोहोंची गल्लत झाली की नर्सबाईला असे वाटू लागते की आपण औषध देण्यासाठी नसून आकडे देण्यासाठी आहो. दिवसा वहीत लिहावयाचे आणि रात्री तेच मोबाईलवर चढवावयाचे, हा दुहेरी भार जेथे पडतो तेथे पडद्यावरची नोंद घाईची होते. रक्तदाब मोजल्यावाचून १२० आणि ८० लिहिला जातो. अशी खोटी नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा घातक आहे, कारण कोरा रकाना निदान प्रश्न तरी विचारतो.

ह्या सर्वांवर २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले. प्रत्येक नागरिकाला ‘आभा’ नावाचा चौदा अंकी क्रमांक मिळावा, आणि तो ज्या ज्या दवाखान्यात जाईल तेथील कागद त्या क्रमांकाशी जोडले जावेत, ही तिच्यामागची कल्पना. कागद एका जागी साठवावयाचे नाहीत. ते ज्या त्या रुग्णालयातच राहतील, आणि रोग्याने संमती दिली की एकाने दुसऱ्याला दाखवावेत. सासर-माहेरच्या कोड्याला हे नेमके उत्तर आहे, असे वाटते. रावेरच्या डॉक्टराने खकनारच्या नर्सबाईची नोंद उघडावी, आणि प्रसूती झाली की त्याची नोंद खकनारच्या नर्सबाईने वाचावी. राज्ये दोन, पण क्रमांक एक.

श्रोतेहो, येथे एका जुन्या रिवाजाची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. कॅथलिक देवळांत बाप्तिस्म्याचे व लग्नाचे रजिस्टर ठेवण्याची चाल सोळाव्या शतकात, १५६३ च्या ट्रेंट धर्मपरिषदेपासून पक्की झाली. १९०८ पासून तिच्यात एक भर पडली. माणसाचे लग्न जगात कोठेही झाले, तरी ज्या देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला तेथे कळवावयाचे, आणि तेथल्या धर्मगुरूने मूळ नोंदीच्या समासात ते टिपून ठेवावयाचे. वसईत जन्मलेल्या मुलीचे लग्न बऱ्हाणपुरात झाले, तर बऱ्हाणपूरच्या धर्मगुरूने वसईस पत्र टाकावयाचे. क्रमांक नाही, यंत्र नाही, तार नाही. टपालाचे एक तिकीट आणि कळविण्याचा नियम. तेवढ्यावर ही व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे चालली आहे. जन्मस्थळीच्या एका पानावर माणसाचे पुढचे आयुष्य येऊन मिळते. आरोग्याची नोंद जोडण्याचा जो आज एवढा मोठा प्रकल्प म्हणून गाजतो, त्याचा गाभा ह्याहून निराळा नाही. तो गाभा म्हणजे परत कळविणे. रुग्णालयाने सुटीचा कागद बाईच्या हाती दिला आणि तिच्या गावच्या नर्सबाईला काहीच कळविले नाही, तर चौदा काय, चोवीस अंकी क्रमांक दिला तरी समास कोराच राहणार. उणीव यंत्राची आहे त्याहून अधिक ती ह्या सवयीची आहे, आणि सवय विकत घेता येत नाही.

ह्याच रजिस्टरांशेजारी धर्मगुरूकडे दुसरीही एक गोष्ट असते, ती मात्र कोठेही लिहिलेली नसते. पापनिवेदनात ऐकलेला शब्द तो मरेपर्यंत उच्चारू शकत नाही. वैद्याची शपथही फार निराळी नाही. ग्रीक वैद्य हिप्पोक्रातिस ह्याच्या नावाने चालत आलेल्या शपथेत रोग्याचे गुपित राखण्याचे वचन आहे. काही गोष्टी पसरल्या पाहिजेत आणि काही राखल्या पाहिजेत. कठीण भाग असा की बरेचदा ती एकच गोष्ट असते.

सिकलसेल ह्या रक्तदोषाचे उदाहरण घ्यावे. सातपुड्यातील आदिवासी समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मनुष्य असह्य वेदनांनी तळमळतो. ज्याच्या अंगी हा दोष एकाच पालकाकडून आला तो केवळ वाहक; त्याला बहुधा काही त्रास नसतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक ह्या प्रमाणात मूल रोगी निपजण्याचा संभव असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची, आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यावयाचा नाही, असा तिचा संकल्प आहे. प्रत्येकाला कार्ड मिळते, प्रत्येकाची नोंद संगणकावर जाते.

ह्या नोंदीचा उपयोग मोठा आहे. ऊसतोडणीला किंवा केळीच्या कामाला गेलेला तरुण परगावी वेदनांनी आडवा झाला, तर तेथल्या डॉक्टराला तत्काळ कळते की ही साधी पोटदुखी नव्हे. सिकलसेल असलेली गरोदर स्त्री तर सर्वांत जास्त जपण्याची. पण तीच नोंद वस्तीवर फुटली तर? मुलगी केवळ वाहक आहे, तिला आयुष्यात एकदाही त्रास झालेला नाही. पण ‘हिच्या रक्तात खोट आहे’ एवढे शब्द पुरतात आणि जमलेले लग्न मोडते. मुलाच्या रक्ताविषयी कोणी विचारीत नाही, हे वेगळे सांगावयास नको. समुपदेशक दोन्ही बाजूंना बसवून समजावतो तेव्हा ही माहिती औषधासारखी असते. पाणवठ्यावर पोहोचली की तीच विष होते. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तीच्या संगणकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात संमत झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण पाणवठ्यावरील बोलण्याला कोणता कायदा आवरणार? तेथे नर्सबाईचे तोंडच कुलूप.

मोठ्या कुलुपांचीही गोष्ट आहेच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर अज्ञात हल्लेखोरांनी घाला घातला, आणि देशातील सर्वांत नामांकित रुग्णालयाचा कारभार कित्येक दिवस हाताने, कागदावर चालवावा लागला. ज्यांनी कागद फेकून दिले नव्हते त्यांचे त्या दिवसांत बरे चालले असेल.

संमतीची गोष्ट मात्र इतकी सहज सोडून देता येत नाही. रोग्याच्या संमतीवाचून त्याचे कागद कोणी उघडू नयेत, हे तत्त्व निर्दोष आहे. पण ती संमती द्यावयाची कशी? बहुधा मोबाईलवर काही अंक येतात, ते सांगितले की संमती मिळाली असे यंत्र मानते. आता खकनारच्या डोंगरातील घरात मोबाईल असतो एक. तो असतो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा असतो यंत्रमागावर, नाही तर परमुलखात कामावर. बाई रुग्णालयात, अंक नवऱ्याकडे! संमती कोणाची झाली? १६ जानेवारी २०२१ पासून करोनाच्या लसीकरणाची नोंद ज्या ‘कोविन’ यंत्रणेवर झाली, तिच्यात एका मोबाईलवर चार आणि नंतर सहा माणसांची नोंद करण्याची मुभा ठेवावी लागली, कारण भारतातील घर हे असेच असते. लसीच्या बाबतीत ते चालून गेले. लस टोचल्याचे गुपित नसते. पण गर्भाशयाचा, रक्ताचा, गर्भपाताचा कागद नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खिशातून उघडणार असेल, तर बाई तो कागद होऊच देणार नाही. ती तपासणीलाच येणार नाही. दिल्लीत बसून ही गोष्ट ध्यानात येणे कठीण. उपकेंद्राच्या पायरीवर ती पहिल्याच दिवशी ध्यानात येते.

ह्याच्या उलट, संगणकाने जेथे बिनतक्रार उपकार केला आहे असेही एक स्थान आहे. २०१९ च्या अखेरीस ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यकाची सेवा गावच्या आरोग्यकेंद्रांत सुरू झाली. रोगी केंद्रात बसतो, त्याच्याजवळ तेथील आरोग्यसेवक असतो, आणि पडद्यावर दूरच्या गावचा डॉक्टर. यंत्र माणसाच्या जागी आलेले नाही. ते दोन माणसांच्या मध्ये आले आहे. डोंगर उतरून एक दिवसाची मजुरी बुडवावयाची आणि शहरात पोहोचल्यावर डॉक्टर नाहीत असे ऐकावयाचे, ह्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ह्या सेवेचे मोल सांगावे लागत नाही. मात्र बाळंतपण पडद्यावरून होत नाही. त्याला हात लागतात, रक्त लागते, आणि रात्री दोन वाजता चालणारे वाहन लागते.

बऱ्हाणपूरच्या लोकांना जोडलेल्या व्यवस्थेचे मर्म दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणण्यात आले. वर शंभराहून अधिक कुंड्या, खाली एकच वाट. म्हणून त्याला कुंडी भंडारा म्हणतात. वरची एखादी कुंडी ढासळली, आत माती पडली, की खालच्या मोहल्ल्यातले पाणी आटते, आणि तेथल्या माणसाला त्याचे कारण दिसतही नाही. ह्याच शहराचा जिल्हा जुलै २०२२ मध्ये देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा म्हणून जाहीर झाला. जी मंडळी घराघरात नळ पोहोचवू शकली, त्यांना प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद रेघेपलीकडे पोहोचविणे अशक्य आहे, असे मानता येत नाही.

त्यासाठी नव्या यंत्राची वाटही पाहावी लागत नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची खास तपासणी होते. त्या दिवशी प्रत्येकीला एक प्रश्न विचारावा: बाळंतपण कोठे करणार? वहीत किंवा पडद्यावर, जेथे नोंद होत असेल तेथे, सासरच्या गावाशेजारी माहेरच्या गावाचा एक रकाना असावा, आणि त्यात तेथील आशाताईचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. मुलगी सातव्या महिन्यात निघाली की इकडच्या बाईने तिकडच्या बाईला फोन करावा: तुमची लेक निघाली आहे, हिमोग्लोबिन आठ आहे, गोळ्या पिशवीत दिल्या आहेत, कार्डही दिले आहे. आणि मूल झाले की तिकडून इकडे फोन यावा. रावेर आणि खकनारमध्ये भाषा बदलते, पण कार्डावरची अक्षरे दोन्हीकडे देवनागरीच असतात, आणि आठ हा आकडा दोन्हीकडे आठच लिहितात.